उलट्या पानावरची बाग

बाबा जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, एकेक उचलून ओळ बांधायची, ओळींचं पान बांधायचं, पान लोखंडी चौकटीत आवळायचं आणि मशीनवर चढवायचं, हे काम त्यांनी नागपुरातल्या एका लहानशा छापखान्यात तीस वर्षं केलं. चौकटीतलं पान आरशातल्यासारखं उलटं असतं. छापल्यावर जे डावीकडे यायला हवं ते तिथे उजवीकडे बसवावं लागतं. बाबांना ते उलटं पान सुलट्यापेक्षा भराभर वाचता यायचं.

मी अक्षरं शिकले ती त्यांनी घरी आणलेल्या रद्द पत्रकांवरून. सभेची पत्रकं, संपाची पत्रकं, छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीतून निघत राहिलेली पत्रकं. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला माझ्या नावाआधी लिहिता आले. पत्रकाच्या तळाशी बारीक टायपात छापणाऱ्याचं नाव असतं, ते बाबा कधी गाळू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, "नाव कायले टाकता गा, भानगड होईन." बाबा म्हणायचे, "खाली नाव नसन तर ते पत्रक नाई, चुगली आहे."

पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. जुलैत छापखान्याला सील लागलं आणि बाबांच्या नावानं वॉरंट निघालं, कारण एका पत्रकाखाली त्यांचं नाव होतं.

मी तेव्हा विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करत होते. विषय सांगितला की लोक हसायचे: संत्र्याची झाडं आणि चुंबक.

संत्र्याचं झाड एक वर्ष भरभरून लागतं आणि पुढच्या वर्षी जवळजवळ रिकामं राहतं. दमतं म्हणा. आता प्रत्येक झाड आपापल्या पाळीनं दमत असेल, तर कुठल्याही वर्षी बागेत भरलेली आणि रिकामी झाडं विखुरलेली दिसायला हवीत, चिवड्यातल्या शेंगदाण्यासारखी. तसं दिसत नाही. एक पट्टाच्या पट्टा एकदम लागतो, शेजारचा पट्टा एकदम खाली जातो. झाडांना पाय नाहीत, तोंड नाही. मग ती पाळी जुळवतात कशी?

आमच्या सरांनी मला पहिल्याच दिवशी दोन उत्तरं सांगितली. एक, आभाळ सगळ्यांवर सारखंच असतं. एखाद्या वर्षी गारपिटीनं सगळा मोहोर झोडपला, की सगळी झाडं एकाच वेळी रिकामी होतात आणि पुढच्या वर्षी एकाच वेळी भरतात. दोन, शेजारी शेजाऱ्याला ओढतो. मुळं एकमेकांत जातात, पाण्याचा दांड एकच असतो, मधमाश्या या झाडावरून त्या झाडावर जातात. सर म्हणाले, "कसं ओढतो ते आत्ता विचारू नका. ओढतो एवढंच धरा, आणि काय होतं ते बघा."

त्यासाठी चुंबकाचा एक जुना, अगदी साधा नमुना होता. लोखंडात असंख्य बारीक सुया आहेत असं समजायचं. प्रत्येक सुई एक तर वर तोंड करून असते, नाही तर खाली. तिला सगळं लोखंड दिसत नाही, फक्त चार शेजारणी दिसतात, आणि त्यांच्यासारखं व्हावं असं तिला वाटतं. पण उष्णता तिला सारखी हलवत असते. उष्णता कमी असली की सगळ्या सुया एका दिशेला वळतात आणि लोखंडाचं चुंबक होतं. जास्त असली की कुणाचा कुणाला पायपोस राहत नाही. आणि मध्ये एक नेमकी जागा अशी असते, की तिथे बेटं तयार होतात, लहान, मोठी, बेटाच्या पोटात बेट. त्या जागेवर एका कोपऱ्यातली हालचाल दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचते, आणि तरीही कुणीही चार शेजारणींपलीकडे पाहिलेलं नसतं.

सुयांच्या जागी झाडं ठेवायची. वर म्हणजे यंदा लागलेलं, खाली म्हणजे यंदा रिकामं. इतकंच.

विभागात आकडेमोडीचं यंत्र होतं, पण त्यावर माझी पाळी महिन्यातून एकदा यायची. म्हणून मी घरी पुठ्ठ्यावर चौकोन आखले आणि फोडलेले चिंचोके मांडले. काळी बाजू वर, पांढरी बाजू वर. फासा टाकायचा, चार शेजारी मोजायचे, चिंचोका उलटायचा की तसाच ठेवायचा ते ठरवायचं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "एवढी एमेस्सी झाली अन् शेवटी चिंचोकेच खेळून राहिली माही पोट्टी."

बाग कळमेश्वरच्या पुढे होती. तिची मालकीण एक विधवा बाई, आम्ही तिला मावशी म्हणायचो. दलालांच्या खोट्या काट्याविरुद्ध पत्रक छापून घ्यायला ती एकदा छापखान्यात आली होती, तेव्हापासूनची ओळख. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण पत्रक तोंडपाठ होतं. पहिल्या हंगामात, चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात, मी तिच्या बागेतला वीस ओळींचा, प्रत्येक ओळीत वीस झाडांचा तुकडा निवडला. मुद्दाम असा निवडला की त्यात एकही झाड मेलेलं नव्हतं, विहीर नव्हती, बांध नव्हता. कागदावर तितकेच चौकोन आखले. लागलेल्या झाडाला अधिक, रिकाम्याला वजा.

मावशी मागं मागं फिरत होती. "काहून वं पोरी, झाडायची हजेरी घेऊन राहिली काय?"

"हाव मावशी. कोण कोणाच्या नादानं लागते ते पाहून राहिली."

"ते मले विचार ना. पाणी मी सगळ्यायचं सारखंच तोडते, ताण सगळ्यायले सारखाच देते. तरी हे अर्धे फुलते अन् अर्धे तोंड फुगवून बसते. माह्या सासरच्या लोकायवानी."

ताण म्हणजे पाणी बंद करून झाड सुकत ठेवणं. पानं मलूल होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदम पाणी सोडायचं, की घाबरलेलं झाड फुलं टाकतं. घाबरलेलं हा शब्द मावशीचा. तेव्हा मला तो गंमतीचा वाटला होता.

वॉरंट निघालं तेव्हा बाबा या मावशीकडे गेले. तिनं काही विचारलं नाही. त्यांना राखणदार केलं, डोक्याला बांधायला एक पंचा दिला. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा तिच्या घरात बाबांचा कप वेगळा ठेवलाय का, ते मी पाहिलं. नव्हता. तो विचार मनात आला याची लाज वाटली, पण पाहिलं हे खरं.

त्या वर्षी आमच्या गल्लीत भीती कशी पसरली ते मी रोज पाहत होते. पहिल्यांदा शेजारणीनं विरजण मागणं बंद केलं. मग तिच्या शेजारणीनं. आठवडाभरात नळावर मी गेले की घागरींमध्ये आपोआप जागा व्हायची. कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं, तेवढी धमक होती. भीती दिल्लीहून आली होती, ती सगळ्यांवर सारखीच पडली होती, हे खरं. पण दिल्लीनं आमच्या शेजारणीला विरजणाबद्दल काही सांगितलं नव्हतं. ते तिला तिच्या शेजारणीनं सांगितलं होतं, तेही तोंडानं नाही, खिडकी लावून. मी चिंचोक्यांकडे बघत बसायची आणि मला वाटायचं की मीसुद्धा एक चिंचोका आहे, आणि मला उलटायला आता फार काही लागणार नाही. तीन शेजारी उलटलेच आहेत.

दुसऱ्या हंगामात, पंचाहत्तरच्या नोव्हेंबरात, मला कावीळ झाली. रामदासपेठेतल्या एका इस्पितळात मी तीन आठवडे पडून होते. त्या वर्षीची नोंद चुकली असती तर सगळं कामच बुडालं असतं. मावशी भेटायला आली तेव्हा मी चौकोन आखलेला कोरा कागद तिच्या पिशवीत घातला आणि हळूच सांगितलं, "बाबांले द्या." दहा दिवसांनी ती पुन्हा आली. टोपलीत संत्री, संत्र्यांखाली घडी घातलेला कागद. चारशे खुणा, एकही खाडाखोड नाही. बाबांचं काम तसंच असायचं.

त्याच दिवशी सर मला बघायला आले. कागद उशाशीच होता. त्यांनी उघडला, खूश झाले. "कुणी मोजलं?"

"मावशींनी," मी म्हटलं.

सर वडिलांसारखे होते, पण मला त्यांच्याबद्दलही खात्री नव्हती. त्या काळात कुणाबद्दलच नव्हती.

तिसऱ्या हंगामात मी स्वतः बागेत गेले. शहात्तरचा नोव्हेंबर. वर्षभरात मी बाबांना पाच वेळा भेटले असेन, दर वेळी बस बदलून, दर वेळी मागे बघत. ते शिडीवर होते, काळवंडले होते, पण हात तसेच लांब आणि स्वच्छ.

"माहं पान कामी आलं काय?" त्यांनी वरूनच विचारलं.

"येईन ना बाबा. या वर्षीचं भरलं की तिन्ही जोडून पाहीन."

"चूक सापडली त सांग. सापडायची नाई म्हणा."

"गर्व कमी नाई झाला तुमचा."

"तीस वर्षं खिळे जुळवले पोरी. तुह्या अधिक-वजानं काय घाबरतो मी?" ते हसले. मग रस्त्यावर मोटारीचा आवाज आला आणि हसता हसता ते पानांच्या आत सरकले. मोटार निघून गेली. ती साधी मालमोटार होती. पण ते बराच वेळ पानांतून बाहेर आले नाहीत, आणि मीही कागदावर मान घालून, एकच झाड चार चार वेळा मोजत उभी राहिले.

डिसेंबरात मी विभागातल्या टेबलावर तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एक वर्षाआड लागणारं झाड पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी सारखं असायला हवं, आणि दुसऱ्या वर्षी बरोबर उलट. पहिलं आणि तिसरं वर्ष जवळजवळ सगळीकडे जुळलं. दुसरं कशाशीच जुळेना. त्याच्यात बेटं होती, तीही तेवढीच मोठी, शेजारी शेजाऱ्याशी सहमत होता. पण एकेक झाड घेतलं की त्याला मागची काही आठवणच नाही. जणू सगळ्या बागेनं त्या एका वर्षी स्वतःला विसरायचं ठरवलं होतं.

मी दोन दिवस बेरजा तपासल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या वर्षाचा कागद हातात घेऊन खिडकीशी उभी होते. कागद पातळ होता. तो सहज काचेला टेकवला, पाठीमागची बाजू माझ्याकडे होती आणि उन्हात खुणा आरपार दिसत होत्या. त्या उलट्या खुणा मी पाहत राहिले. मग पहिल्या वर्षाचा कागद शेजारी धरला. त्याच्यावर जिथे अधिक, तिथे यावर वजा; जिथे वजा, तिथे अधिक. ओळीमागून ओळ.

बाबांनी बाग सुलट पाहिली होती आणि कागदावर खिळ्यांच्या पानासारखी बसवली होती. ओळीतलं डावीकडचं पहिलं झाड उजव्या कडेच्या चौकोनात. रिकामे चौकोन दिसले की त्यांचा हात तसाच जाणार. शेजारी शेजारीच राहिले होते, म्हणून बेटं शाबूत होती. प्रत्येक झाडाची जागा मात्र बदलली होती.

महिनोन्महिने ज्याची वाट पाहिली ते उत्तर हातात होतं. आनंद झाला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी आधी दाराकडे पाहिलं. कारण हा कागद आता बोलत होता. ज्याला जुळाऱ्याचं काम माहीत आहे त्याला तो सांगत होता की गेल्या नोव्हेंबरात या बागेत एक जुळारी होता.

मी सरांना सांगणारच नव्हते. पण कागद अजून काचेला टेकवलेला होता, आणि सर दारातून आत आले, आणि त्यांनी माझ्याकडे नाही तर खिडकीकडे पाहिलं.

त्यांना दहा मिनिटं लागली असतील. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग उठून खोलीचं दार लावलं. मी तीन वर्षांत त्यांना दार लावताना पाहिलं नव्हतं.

"प्रश्नपत्रिकेची प्रुफं तपासायला मी छापखान्यात जातो," ते हळू आवाजात म्हणाले. "चौकटीतलं पान मी पाहिलंय. हे मावशींनी भरलेलं नाही."

मी कागदाकडे हात नेला.

"ते कुठे आहेत, मला सांगू नका. मला माहीत नसलेलं बरं." त्यांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला कळलं की हा माणूस मला धरून देणार नाही, आणि हेही कळलं की तो माझ्याइतकाच घाबरलेला आहे.

"सर, कागद उलटवून घेतला तर? जुळतंय ना सगळं."

"जुळतंय. मला पटतं. पण का उलटवला हे लिहावं लागेल. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल. मनासारखं उत्तर आलं म्हणून उलटवला असं लिहाल? की कुणी भरला ते लिहाल?"

"आणि आहे तसा ठेवला तर?"

"तर झाडांना आठवण नसते असं तुम्ही छापाल. ते खोटं आहे हे आता तुम्हाला माहीत आहे."

सोमवारी विभागात माझं व्याख्यान ठरलेलं होतं. सर दार उघडण्याआधी थांबले. "सोमवारी सांगा, दुसऱ्या वर्षीचा कागद पावसात भिजला. खुणा पुसल्या. कुणी काही विचारणार नाही."

"भिजला नाही, सर."

"मला ठाऊक आहे, तो भिजला नाही."

सोमवारी दुपारी तीन वाजता खोलीत वीसेक माणसं होती. मागच्या बाकावर तपकिरी स्वेटर घातलेला एक गृहस्थ बसला होता. गेले काही महिने तो प्रत्येक व्याख्यानाला यायचा. तो कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. तो असला की चहाच्या वेळी गप्पा सिनेमावर यायच्या.

मी चुंबक सांगितलं, चिंचोके सांगितले, पहिलं वर्ष आणि तिसरं वर्ष सांगितलं. बोलले बरं. संपल्यावर दुसऱ्या एका प्राध्यापकांनी अगदी सहज विचारलं, "मधलं वर्ष कुठे गेलं?"

पावसात भिजलं. दोन शब्द होते. ते माझ्या तोंडात तयार होते.

"ती नोंद मी रद्द केली आहे," मी म्हटलं.

"का?"

"नोंद करणाऱ्याची साक्ष मी इथे देऊ शकत नाही, म्हणून."

सरांनी डोळे मिटले. मागच्या बाकावरच्या माणसानं खिशातून पेन काढलं आणि काहीतरी लिहिलं, लांबलचक नाही, एखादी ओळ. ते पेन हलताना पाहिलं आणि मला कळलं की मी काय केलं. मला वाटलं होतं मी सरळ आणि शूर उत्तर दिलं. खोटं बोलले नाही आणि नावही सांगितलं नाही. पण जिथे कुणालाही काही माहीत नव्हतं तिथे मी उभी राहून सांगितलं होतं की एक माणूस आहे, आणि त्याचं नाव सांगण्यासारखं नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. बागेत जाऊन बाबांना सावध करावं तर माझ्या मागे कुणी यायचं. न जावं तर ते शिडीवर बेसावध. दोनदा बसस्टँडपर्यंत गेले. दोन्ही वेळा तिथे उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणीतरी पेपर वाचत होतं, आणि मी परत आले. आईला काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, "जेवत काहून नाई वं? कावीळ उलटली काय?"

गुरुवारी मावशी आली. टोपली खाली ठेवली, पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं.

"आले होते दोघं. साध्या कपड्यात."

मी दार लावून घेतलं.

"'राखणदार कोण आहे?' मनत. मी मनलं, मीच आहे बाप्पा, विधवेच्या बागेले अजून कोण राहीन? मंग हे झाड पाहिलं, ते झाड पाहिलं, डझनभर संत्री खाल्ली मेल्यायनं, अन् बिया माह्या आंगणात थुकल्या."

"अन् बाबा?"

मावशीनं टोपली जवळ ओढली. "शिडीवर होता. जीपचा धुरळा त्याले दुरूनच दिसला असन. नाल्यानं गेला. मले वाटलं संध्याकायी येईन. नाई आला. दुसऱ्या दिवशी बी नाई." तिनं टोपलीत हात घातला आणि एक रुमाल काढला. "शिडीखाली पडला होता."

रुमालात बाबांचा चष्मा होता. चष्म्याशिवाय त्यांना हातभरावरचं माणूस ओळखू यायचं नाही.

आई तो चष्मा हातात घेऊन बसली आणि तिनं मला एकच विचारलं, "त्यायले बागेचा पत्ता सांगतला कोणं?"

मी तिला सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

तीन महिने काही कळलं नाही. ते तुरुंगात असते तर निदान भिंत तरी माहीत असती. मी रोज नवीन ठिकाणी त्यांना बघायची: विहिरीत, रुळावर, कुठल्यातरी चौकीच्या फरशीवर. ते दोघं माझ्या वाक्यामुळे आले, की त्या डिसेंबरात सगळ्याच बागा, सगळीच शेतघरं धुंडाळत होते, ते आजही मला माहीत नाही. याच प्रश्नावर मी संशोधन करत होते: दणका सगळीकडे सारखा पडला, की एकानं दुसऱ्याला हलवलं? झाडांच्या बाबतीत मी तो सोडवत आणला होता. इथे एकच झाड होतं आणि एकच हंगाम. एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. त्यानं रात्र काही बरी जायची नाही.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये, निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी बाबा घरी आले. दारात उभे राहिले तेव्हा आई म्हणाली, "कोण पाहिजे?" डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तीन महिने ते भिवापूरकडे मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर बायांबरोबर देठ खुडायला बसायचे, पोती उचलायचे.

"चष्म्याबिगर खिळे दिसत नाई," ते म्हणाले, "मिरची दिसते." आणि हसायला गेले तर खोकला आला. तो लवकर थांबला नाही.

आठवडाभरानं त्यांनी प्रबंधाची टाइप केलेली पानं मागितली. चष्मा लावून एकेक पान उलटत गेले. शेवटी बोट ठेवलं: दुसऱ्या हंगामाची नोंद रद्द.

"माहं पान कुठी गेलं?"

मी सगळं सांगितलं. व्याख्यान, मागचा बाक, माझं वाक्य. मला वाटलं होतं, ते निदान एवढं म्हणतील की खोटं बोलली नाहीस.

"पाण्यात भिजलं मनली असती त तुही जीभ झडली असती काय?"

"तुमीच शिकवलं, खोटं छापायचं नाई."

"छापायचं नाई मनलं होतं. पोलिसायले बी सांगायचं नाई असं कधी मनलं?" ते चिडले होते, आणि मला ते रास्त वाटत होतं. मग ते थोडे शांत झाले. "आता त काई भेव नाई. टाक माहं नाव. टाक ते पान."

"टाकते. पण तुमाले लिहून द्यावं लागन, पान उलटं भरलं म्हणून."

"उलटं?"

मी कागद दाखवला. पहिल्या वर्षाचा शेजारी ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले, बोट एका चौकोनावरून दुसऱ्यावर नेत. चेहरा उतरला.

"मी सुलटंच भरलं," ते म्हणाले.

"बाबा, पाहा ना..."

"पाहून राहिलो. तू मनते तसं असन. पण मले तसं आठवत नाई पोरी. माह्या डोयाले ते सुलटंच दिसते. आठवत नाई त्याच्यावर सही कशी करू?"

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, वडील बरोबर बोलतात.

प्रबंधात दोनच हंगाम आहेत. झाडांना आठवण असते, आणि शेजारी शेजाऱ्याला ओढतो, एवढं त्यावरूनही दाखवता आलं, थोडं कच्चं. पदवी मिळाली. बाबांना पुन्हा छापखान्यात काम मिळालं, पण अर्ध्या दिवसाचं. शिशाची धूळ छातीला सोसत नाही, डॉक्टर म्हणतात मिरचीनं आधीच नास केला आहे.

हे लिहीत असताना ते आतल्या खोलीत आहेत. सकाळी खोकला येतो तेव्हा आधी दोन-तीन ठसके येतात आणि मग आवाज पूर्ण थांबतो, कारण श्वास आत येत नसतो. आई भांड्यावरचा हात थांबवते. मी पेन उचलून धरते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही. मग आतून श्वास ओढल्याचा आवाज येतो, आणि भांडं वाजतं.